मिरीच्या डोळ्यांची कुर्ली

सुभद्रा लग्न होऊन आमच्या शेजारी आली, त्या पावसाळ्यातलं भांडण मला अजून शब्दाला शब्द आठवतं. मी मुद्दाम ऐकलं असं कोणी म्हणू नये. आमच्या आणि मेस्त्र्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे आणि त्याला लागून तेव्हा माझा पडवळीचा मांडव होता. पडवळं सरळ वाढावीत म्हणून मी त्यांच्या टोकांना दगड बांधत होते. दगड बांधायला वेळ लागतो, तेवढ्यात भांडण कानावर पडलं. ते संपलं नव्हतं म्हणून आणखी दोन पडवळांना बांधले.

मेस्त्र्यांकडे गणपती करतात. आमच्या भागात जिथे गणपती घडतात त्या जागेला शाळा म्हणतात. मी खऱ्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण ह्या शाळेच्या शेजारी सगळा जन्म काढला.

त्या दिवशी सुभद्राचे सासरे परशुराम मेस्त्री शाळेत उभे राहून ओरडत होते.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी," सुभद्रा म्हणाली.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय. उंदीर तसोच बसलो होतो, डोळ्यांशिवाय. माका बघवलो नाय."

"डोळे काढूचा काम माझा. माझ्या मागसून सत्यवानाचा. सुनेचा काम माती मळूचा."

"मळतंय मगे. पण मामांनू, मातीच मळलेली नसली तर तुमी डोळे खंयच्या तोंडार काढतल्यात?"

नंतर थप्प असा आवाज आला. परशुरामांनी तो उंदीर उचलून मातीच्या गोळ्यात परत दाबला होता. सहा महिन्यांची नवी सून, वाटलं आता रडेल. तर ती म्हणाली, "बरा. आता हो गोळो परत मळूचो लागतलो. सरा जरा थयसून."

आणि मळायला बसली. मी गडग्यावरून डोकावून खात्री केली. डोळे कोरडे होते.

सुभद्रा अशी. तिला नाही म्हटलं तर ती नाहीला नाही म्हणत बसत नाही. हातात जे काम उरलं असेल ते करते आणि चेहरा असा ठेवते की काम तिनंच निवडलं होतं.

पंचेचाळीस वर्षं तिनं माती मळली. खडे वेचले, कापूस मिसळला, गोळा आपटला. सासरे गेले, मग ब्रश तिच्या नवऱ्याच्या, सत्यवानाच्या हातात आला. सत्यवानाचा हात चांगला होता. मालवणपासून लोक येऊन म्हणायचे, डोळे बघून कळतं मेस्त्र्यांचा गणपती. सुभद्रा शेजारी बसून रंगांच्या करवंट्या पुढे करायची, आणि बघायची. पंचेचाळीस वर्षं तिनं फक्त डोळे होताना बघितले.

चार वर्षांमागे ऐन श्रावणात सत्यवान गेला. चतुर्थीला वीस दिवस, शाळेत सगळे गणपती रंगून उभे, आणि एकालाही डोळे नाहीत. सगळ्यांनी तिच्या मुलाकडे बघितलं. अजय मालवणात राहतो, त्याची गाडी आहे, पर्यटकांना किल्ला, देवळं, समुद्र दाखवतो. त्याला ब्रश धरता येत नाही, हे त्यानं लहानपणीच घरातल्या भिंतीवर दाखवून दिलं होतं. चौदावं झालं, सुभद्रानं हात धुतले, ब्रश घेतला आणि पहिल्या गणपतीसमोर बसली. कोणाला विचारलं नाही, कोणी तिला विचारलं नाही. लोकांनी मूर्ती नेल्या, घरी बसवल्या, हात जोडले. झालं.

पण गणपती कमी होत चालले होते. कसालच्या बाजारात ट्रकानं तयार मूर्ती येतात, साच्यातल्या, गोऱ्यापान. चतुर्थी झाली की मेस्त्र्यांच्या शाळेचं दार नऊ महिने बंद. आत कोंबड्या झोपायच्या. अजयचा त्या जागेवर डोळा होता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही.

"आये, रस्त्याक लागून जागा आसा," तो म्हणायचा. "दोन खोल्यो काढूया. संडास आत. मालवणाक जाणारी माणसा रवतली."

"आणि गणपती?"

"पडवेर कर."

"पडवेर झड येता."

"मगे कमी कर."

"कमी म्हणजे किती? सोंडेपर्यंत?"

अजय हसायचा, पण गेल्या दिवाळीत त्यानं एक टेम्पो चिरे आणून शाळेच्या पुढ्यात उतरवलेच. म्हणे, नुसते आणून ठेवलेत.

त्याच दिवाळीत त्याची मुलगी अनुजा पुण्याहून आली. ती तिथे कार्टूनची पिक्चरं करायला शिकली. दोन वर्षं एका कंपनीत होती, पण दिवसभर दुसऱ्यांच्या खेळांतल्या बंदुका रंगवून तिला कंटाळा आला. कुडाळच्या एका संस्थेनं तिला काम दिलं होतं. ही संस्था अंगणवाड्यांसाठी काही ना काही करत असते. त्यांना पोरांसाठी लहान पिक्चरं हवी होती, पाच-पाच मिनिटांची. पोरांना आपल्यावर भरवसा वाटावा, आणि काही बिघडलं तर पुन्हा उभं राहता यावं, अशी. पहिलं एक करून अंगणवाडीत दाखवायचं. पोरांना पटलं तर आणखी सहा मिळणार. नाही पटलं तर नमस्कार.

"पाच मिन्टात भरवसो येता?" सुभद्रानं विचारलं.

"आजी, प्रयत्न करूचो."

"नाय गो, माझी ना नाय. माका पंचेचाळीस वर्षां लागली, म्हणून विचारलंय."

अनुजाला मातीच्या बाहुल्यांचं पिक्चर करायचं होतं. त्याची रीत मी डोळ्यांनी बघितली म्हणून विश्वास बसला. मातीची बाहुली टेबलावर ठेवायची, फोटो काढायचा. मग तिचा पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो काढले की एक सेकंद होतो. सगळे फोटो भराभर दाखवले की बाहुली चालते. सकाळपासून जेवणापर्यंत बसलं तर बाहुली उंबरठ्यापर्यंत पोचते. ह्याला जागा अशी लागते की कोणी काही हलवणार नाही. म्हणजे शाळा.

तेव्हा घरात करार झाला. अजय, अनुजा, सुभद्रा ओसरीवर बसले होते आणि मी पायरीवर.

"मिरगापर्यंत," अजय म्हणाला, म्हणजे पाऊस लागेपर्यंत. "तुमचा पिक्चर पास झाला तर शाळा तुमची, बारा महिने. नाय झाला तर मी गवंडी घेवन येतंय. मगे आये, तू काय बोलूचा नाय."

"बोलूचंय नाय," सुभद्रा म्हणाली. "पण पास झाला तर तू बोल. माका बरा वाटात."

संस्थेनं गोष्ट कागदावर लिहून दिली होती. एक ससा असतो, तो शर्यतीत पडतो, रडतो, आई त्याला समजावते, मग तो पहिला येतो. अनुजानं वाचून दाखवली. सुभद्रा माती चाळत होती. ती चाळता चाळता थांबली.

"ससो? आमच्या पोरांनी ससो खंय बघितलो? आणि तो पयलो येता, मगे बाकीचे सशे काय करतत? त्येंका पिक्चर नको?"

"मग तू सांग."

"कुर्ली कर. कुर्लीचो डेंगो तुटता तो पोरांका ठावक आसा. प्रत्येकान एकदा तरी तोडलेलो आसा."

कुर्ली म्हणजे खेकडी, आणि डेंगा म्हणजे तिची पकडायची नांगी. बगळ्यानं धरली, जाळ्यात अडकली, की कुर्ली डेंगा टाकते आणि पळते. मग बिळात बसते. काही दिवसांनी कवच टाकते, तेव्हा ती उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ असते, आणि त्या मऊ अंगाला एक बारकासा डेंगा फुटलेला असतो. पुढच्या खेपेला कवच टाकलं की तो मोठा होतो. हे आम्ही कोणाकडून शिकलो नाही, खाऊन खाऊन कळलं.

अनुजाचे डोळे चमकले. तिनं संस्थेच्या बाईंना फोन लावला. बाई भल्या, लगेच हो म्हणाल्या, फक्त एक विचारलं, "शेवटी मोठा डेंगा आला तर मुलांना जास्त आनंद होईल ना?"

सुभद्रानं फोन हातात घेतला. शुद्ध बोलायचं म्हणून पदर सारखा केला. "बाई, मोठा एकदम येत नाही. लहान येतो. लहानच दाखवायचा. उद्या ज्याचा पाय मोडला त्याला सांगणार काय, पाच मिनिटांत चालशील?"

बाई म्हणाल्या, ठीक आहे.

मातीनंही त्रास दिला. गणपतीची माती एकदा केली की वाळायची असते, आणि इथे कुर्ली रोज हलायला पाहिजे. सुभद्रानं मातीत खोबरेल मळलं. पौषातली थंडी. सकाळी कुर्ली दगड, दुपारी शिरा. शेवटी तिनं तिळाचं तेल आणि मेण मिसळून बघितलं, आणि माती जमली. एक मुंगी मात्र कुर्लीच्या पाठीवरून चालत गेली, ती काढायची राहून गेली. ती अजून पिक्चरात आहे. अनुजानं एक बगळाही केला. बगळ्याचा आवाज कोणाचा ते मी सांगणार नाही, पण सर्दी झालेली असताना घेतला एवढं खरं.

कुर्लीला डोळे काढायची वेळ आली तेव्हा अनुजानं सहज आजीकडे ब्रश दिला. सुभद्रानं दोन दांड्यांवर दोन पाकळ्या बसवल्या आणि त्यांच्यावर डोळे काढले. लांबट, खालच्या बाजूनं भरलेले, पापणी अर्धी उतरलेली, कुठूनही बघा, आपल्याकडेच बघणारे. मला ते फार छान दिसले. अनुजालाही दिसले. आम्हा दोघींचा जन्म तेच डोळे बघण्यात गेला होता. चूक कुठून दिसणार?

माघात अंगणवाडीत पिक्चर दाखवलं. अंगणवाडीच्या ताई शर्मिला. तिनं खिडक्यांना चादरी लावल्या, समोरच्या भिंतीवर एक पांढरी. चौदा पोरं चटईवर. मागे तीन-चार आया, कडेला संस्थेच्या बाई वही घेऊन. सुभद्रा दाराशी उभी होती, इस्त्रीची साडी नेसून.

भिंतीवर वाळू आली, लाट आली. पोरं कलकलत होती. मग बिळातून कुर्ली वर आली आणि तिनं भिंतभर डोळे उघडून सगळ्यांकडे बघितलं.

पोरं गप्प झाली.

पुढच्या रांगेत दीपिका म्हणून एक पाच वर्षांची पोर बसली होती. तिनं मांडी नीट घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. तिचं बघून शेजारच्यानं जोडले. बघता बघता चौदाच्या चौदा पोरं हात जोडून बसली. मागून एकानं बारीक आवाजात "मोरया" म्हटलं. कुर्ली आडवी आडवी चालली, पडली, लोळली. हसायच्या जागा होत्या त्या. एकही पोर हसलं नाही. देवासमोर हसतात का?

आणि मग बगळा आला आणि डेंगा तुटला.

जो काय आकांत झाला! दीपिका उठून आईकडे धावली. "आये, देवाचो हात तुटलो गो!" सगळी पोरं रडायला लागली. दीपिकाची आई तेजस्वी हिचा चेहरा पांढरा पडला. भंगलेली मूर्ती आमच्याकडे कोणी डोळ्यांसमोर ठेवत नाही, लगेच पाण्यात सोडतात. आणि इथे भिंतीएवढी मूर्ती, हात तुटलेली, बिळात जाऊन बसलेली.

"शर्मिलाताई, बंद करा ता!" तेजस्वी म्हणाली. "आमच्या पोरांका ह्या दाखवतास? मेस्त्र्यांच्या घरातसून?"

बंद केलं. डेंगा परत येतो तिथपर्यंत पिक्चर पोचलंच नाही. संस्थेच्या बाईंनी वही मिटली आणि हळू आवाजात अनुजाला म्हणाल्या, "बघू या. मे महिन्यात आमची बैठक आहे. तोपर्यंत काही करता आलं तर करा."

घरी आल्यावर अनुजा खोलीत गेली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. अजयचा फोन आला, त्याला मालवणात कोणीतरी सांगितलं होतंच.

"आये, पुरे आता. गाव हसता."

"हसता तर बरा. पोरा रडत होती, ती चूक. हसणाऱ्यांची काळजी नाय."

"मी गवंड्याक सांगतंय."

"मिरग खंय इलो? करार वाच."

"करार लिवलो खंय होतो?"

"म्हणूनच तू विसारलंस."

फोन ठेवून ती खोलीच्या दाराशी गेली. मी मागे. अनुजा पलंगावर बसली होती, अर्धी पिशवी भरून.

"ह्या काय?"

"आजी, माका नाय जमणा. मी पुण्याक जातंय."

"जा. बंदुको रंगय. पण आधी माका एक सांग, आज चूक कोणाची झाली?"

अनुजानं आणखी एक कुडता पिशवीत कोंबला.

"माझी. तू कित्याक पिशवी भरतंस? माझ्या चुकीवर माझो हक्क. तुका मी तेतूर वाटो देवचंय नाय."

अनुजा रडता रडता हसली. पिशवी मात्र तशीच राहिली, ना रिकामी ना भरलेली. पुढे तीन महिने ती त्या पिशवीतूनच कपडे काढायची.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा तेजस्वीच्या घरी गेली. मला सोबत नेलं, कारण म्हणे मी असले की लोक कमी बोलतात. तेजस्वी भात वाढत होती. सुभद्रा बसली नाही.

"गो तेजस्वी, चूक माझी. माका एकच डोळे काढूक येतत, आणि ते देवाचे. हात सवयीन गेलो. तुझी पोर घाबारली, ता माझ्यामुळा. दुसऱ्यांदा असा होवचा नाय."

"दुसऱ्यांदा?" तेजस्वीच्या हातातला डाव थांबला. "तुमी परत करतल्यात?"

"करतलंय. नायतर पोरांका कळात कसा, डेंगो परत येता तो?"

तेजस्वी बघत राहिली. भांडायला आलेलं माणूस परतवता येतं, चूक कबूल करून पुन्हा तेच करणाऱ्याचं काय करायचं? तिनं आम्हाला पाणी दिलं.

तिथून सुभद्रा सरळ रस्त्यावर आली आणि मालवणची एसटी धरली. मासळीबाजारात कुर्ल्यांच्या टोपल्यांपुढे उकिडवी बसली. विकणारी म्हणे, "घेतलास की बघतलास नुसत्यो?" सुभद्रा म्हणाली, "बघून घेतंय." दोन जिवंत कुर्ल्या बादलीतून घरी आणल्या आणि शाळेत बादलीसमोर दोन दिवस बसली. मी विचारलं, "काय गावला?" तर म्हणाली, "यशोदावयनी, हिच्या डोळ्यांत कायच नाय. ना दया, ना राग. काळो मणी. पण ती घाबारली ती माका कळता. खंयसून कळता?"

तिसऱ्या दिवशी तिला कळलं. घाबरली की कुर्ली अंग वाळूला चिकटवते आणि एक बाजू खाली करते. रागावली की पुढचे पाय ताठ. खुशीत असली की उगाचच चार पावलं इकडे, चार तिकडे. डोळे काहीच करत नाहीत, सगळी कुर्ली करते. हे कळल्यावर कुर्ल्यांचं कालवण केलं. चांगलं झालं होतं.

आंब्यावर चढलेल्या वेलीची मिरी घरात होतीच. सुभद्रानं दोन काळे दाणे निवडले, सारखे नाही, एक जरा मोठा, आणि दांड्यांवर खोचले. ब्रश हातात घेतलाच नाही. अनुजानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाली, "आजी, ही बावळट दिसता."

"दिसूंदे. बावळटाक पोरा नमस्कार करणत नाय."

मुंगीच्या जागी नुसती पाठ दिसते, तेवढे फोटो राहिले; बाकी प्रत्येक फोटोत डोळे होते, म्हणून ते सगळे पुन्हा. साडेतीन हजारांवर फोटो. मी रोज जेवून पायरीवर जाऊन बसायची. आत आजी आणि नात एका कुर्लीवर वाकलेल्या. "सरकव." "सरकवलंय." "जास्त झाला." "दाण्याएवढाच." "आजी, तांदळाच्या दाण्याएवढा, काजीच्या नाय." शिमगा आला आणि गेला, त्यांना ढोल ऐकू आला की नाही कोण जाणे. एकदा शाळेत शिरलेली कोंबडी टेबलावर चढली आणि अख्ख्या दिवसाचं चालणं विस्कटलं. अनुजा कपाळावर हात मारून बसली. सुभद्रानं कोंबडी बाहेर काढली, कुर्ली उचलली, म्हणाली, "खंय होती ही? शिंपल्याच्या हयसर. चल." त्या दिवसापासून कोंबड्यांची झोपायची सोय माझ्या परसातल्या मांगरात, गवताच्या खोपटात झाली.

चैत्रात दुसऱ्यांदा दाखवलं. ह्या वेळी आया जास्त होत्या, सगळ्या मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. तेजस्वी दीपिकाला मांडीवर घेऊन बसली होती, लागलं तर उचलून न्यायच्या तयारीनं.

कुर्ली बिळातून वर आली. एक डोळा बारका, एक मोठा. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, आणि शिंपल्याला अडखळून उताणी पडली.

एक पोर खुदकन हसलं. मग सगळी. कुर्लीच्या पाठीवरून मुंगी गेली तेव्हा तर लोळली. बगळा आला तेव्हा ओरडायला लागली, "पळ गो! पळ!" डेंगा तुटला. मी तेजस्वीकडे बघत होते. कुर्ली एक बाजू खाली करून बिळात गेली आणि वाळूला चिकटून बसली. काहीच झालं नाही बराच वेळ. हे सुभद्रानं हट्टानं ठेवलं होतं, नुसतं बसून राहणं. मग मागच्या रांगेतून एका पोराचा आवाज आला, "येतलो परत. आमच्या आजोबान दाखवल्यान माका."

कुर्लीनं कवच टाकलं. मऊ अंगावर एक इवलासा डेंगा.

"इतकोच?" दीपिका म्हणाली.

"वाढतलो मगे," दुसरी म्हणाली. "आता बारको आसा."

कुर्ली त्या इवल्या डेंग्यानं वाळूचा एक कण उचलायला गेली. पडला. पुन्हा उचलला. पडला. तिसऱ्यांदा उचलून ती बिळाच्या तोंडाशी उभी राहिली, आणि पिक्चर संपलं. पोरांनी पुन्हा लावायला लावलं. तेजस्वीची दीपिकाभोवतीची मिठी कधी सुटली मला कळलं नाही, पण दुसऱ्या वेळी "पळ गो" म्हणणाऱ्यांत तिचाही आवाज होता.

संस्थेच्या बाई मात्र त्या दिवशी येऊ शकल्या नव्हत्या. शर्मिलानं फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, बैठकीत ठेवते. म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं.

दोन दिवसांनी सकाळी दीपिका एकटी सुभद्राच्या अंगणात आली. डोक्यावर जेवायला बसायचा पाट. आमच्याकडे ज्याला गणपती हवा असतो तो आपल्या घरचा पाट शाळेत नेऊन देतो, मूर्ती त्या पाटावरच घडते. पाट येतात ते पावसाळ्यात. हा आला ऐन उन्हात.

"ह्या कसला गो?" सुभद्रानं विचारलं.

"कुर्ली करून दी. एका डेंग्याची."

"दोन डेंग्यांची नको?"

"नको. दुसरो मगे येतलो."

संध्याकाळपर्यंत आणखी तीन पाट आले. आठवड्यात अकरा. पडवीवर ओळीनं लावलेले, सागाचे, फणसाचे, एक प्लास्टिकचा. घराघरातून ओरड सुरू झाली, जेवायला बसायचं कशावर? शर्मिला आली, तिनं पाटांच्या ओळीचा फोटो काढला आणि संस्थेला पाठवला.

वैशाखात अजय आला, गवंडी घेऊन. मिरगाला अजून वेळ होता, पण म्हणाला, नुसतं माप घेऊन ठेवतो. पडवी चढताना पाटाला ठेच लागली.

"ह्ये कसले पाट?"

"ऑर्डरी," सुभद्रा म्हणाली. ती एका पाटावर कुर्ली बसवत होती.

"चतुर्थी खंय, आता खंय?"

"चतुर्थेचे नाय. कुर्लेचे."

गवंडी टेप घेऊन उभा. अजयनं पाट मोजले, मग परत मोजले. त्याच्या मागे अनुजा फोन कानाला लावून बाहेर आली आणि काही न बोलता फोन वडिलांच्या हातात दिला. पलीकडे संस्थेच्या बाई होत्या. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, अजयचं ऐकू आलं. "हो... हो मॅडम... सहा? ... तिची आजी? ... हो, माझी आई... नाही, जागा आहे ना. शाळा आहे आमची."

फोन ठेवून तो उभा राहिला. सुभद्रा मान वर न करता म्हणाली, "बोल आता. माका बरा वाटात म्हटलंय ना."

"काय बोलू?"

"कायय."

अजयनं घसा खाकरला. "पास झालास."

"आणखी?"

"आणखी काय आये? चिऱ्यांचा काय करू ता सांग."

"पडवेक बाहेरसून वटो बांध, लांब. पाट ठेवूक जागा पुरणा नाय. गवंडी इलोच आसा, फुकट कित्याक जाता."

गवंड्यानं माप घेतलं, ओट्याचं. अनुजा आत गेली आणि पिशवीतले कपडे काढून फडताळात लावायला लागली. अजय तिथेच पाटावर बसला. दीपिकाचा होता, तिनं बघितलं असतं तर उठवलं असतं. मी चहा ठेवायला उठले.

चहा घेऊन आले तर सुभद्रा नव्हती. चार-साडेचारची वेळ. घमेलं नव्हतं, कुदळ नव्हती. तेव्हा मला आठवलं, मेस्त्री दरवर्षी गणपतीची माती ज्याच्या मळ्यातून आणतात त्या दाजीकडची एक खेप राहिली होती. मिरगाआधी दाजी नांगर धरतो, मग माती मिळत नाही. मी गडग्यापर्यंत जाऊन बघितलं. मळा तिथून दिसतो. ती कोपऱ्यातल्या खड्ड्यात उभी राहून खणत होती, एक हात घालून वरची भुसभुशीत माती बाजूला सारत, खालची काळी चिकट तेवढी घेत. घमेलं भरलं. मग तिनं खड्ड्याच्या कडा पायानं दाबून सपाट केल्या, नांगर अडकू नये म्हणून. कमरेला बांधलेला नारळ काढून मातीच्या बदल्यात दाजीच्या बांधावर ठेवला, दरवर्षी ठेवते तसा. घमेलं डोक्यावर घेतलं, घरी आली, माती शाळेच्या कोपऱ्यात ओतली आणि वर ओलं गोणपाट घातलं.